मधलं वाक्य

जुन्या वाचनालयातून रहस्यकथा घरी आणणाऱ्याला एक धोका कायम असतो. चहा घेऊन निवांत बसावं, पहिलं पान उघडावं, तर पुस्तकाच्या नावाखालीच आधीच्या कुणा वाचकानं बॉलपेननं लिहून ठेवलेलं असतं, 'खुनी – डॉक्टर'. त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'चूक. कंपाउंडर.' आणि त्याखाली तिसऱ्याचा निवाडा, 'दोघं सामील.' तिघांनी मिळून पुस्तकाचा पार निकाल लावलेला असतो. तरीही ते पुस्तक वाचलं जातं आणि आवडतंही. खुन्याचं नाव फुटलं म्हणून रहस्यकथा फुटत नाही. ते नाव आपल्याला कुठे कळू शकलं असतं, याचा पत्ता त्या तीन पंडितांपैकी एकानंही दिलेला नसतो.

रहस्यकथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणतं, असं शाळकरी वाचकांना विचारलं की बहुतेक जण शेवटचं प्रकरण काढतात. सगळी मंडळी दिवाणखान्यात जमलेली आहेत आणि गुप्तहेर त्यातल्या एकाकडे बोट दाखवतो. त्या वाक्याचा आवाज मोठा असतो, हे कबूल. पण त्याचं सगळं बळ उसनं असतं. शंभर-दीडशे पानं मागे, कुणाचं लक्ष नसताना एक साधं वाक्य येऊन गेलेलं असतं. शेवटचं वाक्य त्याच्या जिवावर उड्या मारतं. ते मधलं वाक्य आपणही वाचलेलं असतं. वाचून सोडून दिलेलं असतं, एवढंच.

एरिख केस्टनर या जर्मन लेखकानं 1929 साली मुलांसाठी एक रहस्यकथा लिहिली. एमिल नावाचा मुलगा आगगाडीनं एकटा बर्लिनला आजीकडे निघाला आहे. आई घरीच बायकांचे केस धुऊन, सजवून देण्याचं काम करते आणि त्यावर दोघांचं घर चालवते. तिनं पै-पै करून साठवलेले 140 मार्क एमिलच्या खिशात आहेत. पैसे पडतील या धास्तीनं तो नोटांचं पाकीट कोटाच्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. वाचताना आपल्याला वाटतं, किती घाबरतंय बिचारं पोर! पुढे डब्यात त्याचा डोळा लागतो, पैसे जातात, बर्लिनमधली पोरंटोरं गोळा होऊन चोराच्या मागे लागतात आणि त्या पळापळीत आपण टाचणी साफ विसरतो. शेवटी बँकेत चोर म्हणतो, नोटा माझ्याच आहेत. नोटेवर मालकाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? पण या नोटांना टाचणीची भोकं होती.

चोराला घेरलं पोरांच्या फौजेनं, पण चोरी शाबीत केली टाचणीच्या त्या एका उल्लेखानं. आणि तो उल्लेख मुळात पुरावा म्हणून आलेलाच नव्हता. आईच्या कष्टाच्या पैशाची मुलाला वाटणारी काळजी सांगायला तो आला होता. पुराव्यासारखा दिसत नव्हता, म्हणूनच इतकी पानं सुखरूप राहिला.

जाणते लेखक असं वाक्य तीन जागी ठेवतात. एक, यादीच्या मध्ये. टेबलावर काय काय होतं ते सांगताना पाच वस्तू सांगायच्या आणि कामाची तिसरी ठेवायची. पहिली नवी असते म्हणून लक्षात राहते, शेवटची ताजी असते म्हणून लक्षात राहते, मधली वाहून जाते. दोन, आवाजाच्या तोंडाशी. वाक्य उच्चारलं जातं आणि त्याच क्षणी दाराची कडी वाजते, कपबशी फुटते, फोन येतो. तीन, ज्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही त्याच्या तोंडी. दूधवाला, घरकाम करणारी बाई, बहिरट आजोबा, लहान पोर. पहिल्या दोन युक्त्या निव्वळ हातचलाखीच्या आहेत. तिसरीत मात्र लेखकाला फारसं काही करावंच लागत नाही. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं कानाआड करायचं, याची उतरंड आपण आधीच मनात लावून बसलेले असतो. लेखक फक्त तिचा फायदा घेतो.

आपल्या मुलखातलं एक उदाहरण रचून बघू. तापीकाठी, चोपडा तालुक्यातलं एखादं गाव. शनिवारी रात्री कुणीतरी निसवलेल्या केळीच्या बागेत शिरलं आणि कोयत्यानं झाडं आडवी करून गेलं. सकाळी पाहावं तर घड चिखलात लोळताहेत. अशी बातमी जळगाव जिल्ह्यात वाचणाऱ्याला नवी नाही. वर्षभराची मेहनत आणि डोक्यावरचं कर्ज एका रात्रीत जमिनीवर येतं. मंगळवारी पोलिस ओसरीवर बसून जबाब घेताहेत. शेजारच्या शेताचा मालक सांगतो, "त्या रात्री मी माझ्या बागेला पाणी देत होतो साहेब. विहिरीवर मोटर चालू होती. त्या आवाजात काय ऐकू येणार?" बोलणं पटण्यासारखं आहे. तो तिथे का होता तेही त्यात आलं आणि त्याला काही कळलं का नाही तेही आलं.

एवढ्यात घरातली काकू चहा घेऊन येते. दूध फाटलं, कोराच घ्यावा लागेल, साखर बेतानं घातली आहे, शनवारलोंग दिननी लाइट व्हती तोवर भाकरी शेतातच धाडत होते, आता माणसं दुपारी घरी येतात जेवायला, मग दूध कुठून उरणार, असं तिचं एका दमात चाललेलं असतं. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर बऱ्हाणपूरचे केळीचे भाव येतात आणि सगळ्या माना तिकडे वळतात. हवालदार काकूचा जबाब लिहितो : मी घरकाम करते. सदर घटनेबाबत मला काहीएक माहिती नाही. खाली अंगठा.

खेड्यात घरातले दिवे रात्री असतात, पण विहिरीवरच्या मोटरीला थ्री फेज लागतो आणि शेतीला तो पाळीनं मिळतो, कधी दिवसा, कधी रात्री. पाळी बदलली की शेतकऱ्याचं जेवण, झोप, सगळंच बदलतं. काकू म्हणाली तसं, शनिवारपर्यंत दिवसाची पाळी होती. म्हणजे त्या रात्री थ्री फेज नव्हता, मोटर चालली नव्हती आणि शेजारी खोटं बोलत होता. गावातल्या कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण रविवारपासून रात्रीची पाळी लागलेली, दोन रात्री जागून माणसं पेंगुळलेली, आणि तीन दिवसांपूर्वीची पाळी कोण आठवत बसतं? हे ध्यानात येतं जळगावहून सुट्टीला आलेल्या पंधरा वर्षांच्या भाच्याच्या. शनिवारी दुपारी भाकरीचं फडकं घेऊन शेतात गेलेला तोच होता. काकूचं बोलणं त्यानं ऐकलं, कारण घरात तिच्या हाताखालची कामं त्याच्याच वाट्याला होती.

किशोरांच्या रहस्यकथेत गुप्तहेर म्हणून मूलच का घेतात? वाचकाला आपल्या वयाचा सोबती मिळावा म्हणून, हे उघड कारण झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या हातात अधिकार नसतो. तो कुणाला चौकीवर बोलावू शकत नाही, दम देऊ शकत नाही, झडती घेऊ शकत नाही. त्याच्यापाशी दोनच हत्यारं, कान आणि पाय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश पुण्यात शिकायला येतो आणि सायकलवर टांग टाकून नसत्या भानगडीत पडतो. त्याला कुणी घाबरत नाही, म्हणून त्याच्यासमोर कुणी जपून बोलत नाही. सत्यजित राय यांनी 1965 साली फेलूदा या गुप्तहेराला जन्म दिला, पण गोष्ट सांगायचं काम दिलं ते त्याच्या किशोरवयीन चुलतभावाला, तोपशेला. फेलूदाच्या डोक्यात काय चाललंय ते तोपशेला कळत नाही. म्हणून तो दिसेल ते, ऐकेल ते सगळं सांगतो आणि त्यात कामाचं वाक्यही येऊन जातं. मोठा माणूस सांगताना निवडतो आणि निवडतानाच नेमकं ते वाक्य गाळतो.

ज्याचं स्वतःचं बोलणं कुणी धरत नाही, त्याला न धरलेलं बोलणं ऐकू येतं. किशोरांच्या रहस्यकथेचा सगळा डोलारा या एका खुंटीवर उभा आहे, असं मला वाटतं.

ही खुंटी फक्त गोष्टीतली नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं 1926 च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच निधन झालं आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या संग्रहाभोवती हे मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर केलं ते गुप्तहेराचंच काम. गावोगाव हिंडायचं, वाड्यांच्या माळ्यांवर चढायचं, कसर लागलेले कागदांचे रुमाल सोडायचे, घरमालकाची मनधरणी करायची, प्रसंगी भांडायचंही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे या मालेचे 22 खंड झाले. इतक्या कागदांतून त्यांनी कोणता विश्वासाचा मानला? बखरी समोर होत्या. त्या वाचायला खुसखुशीत, प्रसंग रंगवणाऱ्या, वीरांच्या तोंडी टाळ्यांची वाक्यं घालणाऱ्या. राजवाड्यांनी त्यांना फार मान दिला नाही. घटना घडत असताना लिहिलेलं एखादं फुटकळ पत्र त्यांना अख्ख्या बखरीहून मोलाचं वाटे.

बखरकार लिहायला बसतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की हे कुणीतरी वाचणार आहे. छावणीतून घरी पत्र लिहिणारा कारकून लिहितो की दाणा महागला, बैल दमले, पैसे पाठवा. त्याला इतिहास घडवायचा नसतो, त्याला पैसे हवे असतात. पण फौज त्या दिवशी कुठे होती, रसद तुटली होती की नव्हती, हे सगळं त्या मागणीच्या आत येऊन बसतं. काकूचं चहाच्या वेळचं बोलणं आणि हे पत्र एकाच जातीचं. साक्ष द्यायची म्हणून दिलेली नसते, म्हणून ती साक्ष खरी असते.

इथे एक धोकाही आहे. मधलं वाक्य पकडायची चटक लागली की माणूस प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागतो. समोरचा काय म्हणाला यापेक्षा काय लपवलं, याचाच शोध चालू होतो. त्यावर उतारा म्हणून मला चाळीसगाव आठवतं. केकी मूस हे पारशी छायाचित्रकार तिथे राहत. 1989 साली ते गेले. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं ते आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. तेवढी एक वस्तुस्थिती गावाच्या हाती होती. बाकीची गोष्ट गावानं पुरी केली. तरुणपणी एका मुलीनं पंजाब मेलनं येईन असा शब्द दिला होता, म्हणून रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला बंगल्याचं दार उघडं असायचं, असं चाळीसगावात आजही सांगतात. खरंही असेल. पण या गोष्टीपायी पुष्कळांना त्या माणसाचं काम बघायचं सुचतच नाही. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करून मूस असे फोटो काढत की बघणाऱ्याला तो दूरदेशीचा देखावा वाटावा. जो माणूस एवढुशा टेबलावर जग उभं करत होता, त्याला बाहेर पडायची गरज वाटली नाही, हेही एक उत्तर असू शकतं. ते कुणी सांगत नाही, कारण त्यात गाडी नाही आणि मुलगीही नाही.

रहस्यकथेला शेवटच्या पानावर फाइल बंद करावीच लागते. जित्याजागत्या माणसाची फाइल एका वाक्यावर बंद करायची घाई नको. मधलं वाक्य ऐकायचं ते माणूस पकडायला नव्हे, त्याच्याशी पुढचं बोलायला.

2017 साली फास्टर फेणे चित्रपटातून मोठा होऊन आला. अमेय वाघनं केलेला हा बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो. आदल्या दिवशी भेटलेल्या मुलानं आत्महत्या केली, असं सगळे धरून चालतात. बनेशला ते पटत नाही आणि तिथून शोध सुरू होतो. भागवतांच्या पोराला नव्या काळात आणताना लेखकांनी रहस्य शोधलं ते परीक्षेत, ही गोष्ट मला फार नेमकी वाटली. आज जळगाव-धुळ्याच्या घरांमधून सोळा-सतराची मुलं नीट आणि जेईईसाठी पुण्याला, लातूरला, कोट्याला जातात. जी जात नाहीत ती इथल्याच क्लासमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत असतात. घराशी त्यांचं बोलणं उरतं ते फोनवर किंवा ताटावर, आणि तेही घाईत.

अशा एका फोनची कल्पना करा. रविवारची संध्याकाळ. मुलगा सांगतोय, "मेसचं जेवण ठीक आहे. गादीत ढेकूण झालेत, बदलून मागितली. या आठवड्यात टेस्टला बसलो नाही. पांघरूण पाठवू नका, रूममेटकडे जादा आहे. आणि आजीचा गुडघा कसा आहे?" आई ढेकणांवर अडते. बाबा म्हणतात, आजी बरी आहे, तू अभ्यासाकडे लक्ष दे. फोन ठेवला जातो. घरात समाधान असतं की पोरगं आज बरंच बोललं.

टेस्टला का बसला नाही, हे कुणी विचारलं नाही. ते वाक्य यादीच्या मध्ये होतं, ढेकणांच्या गडबडीत होतं, आणि ज्याचं बोलणं अजून पोरकट धरलं जातं त्याच्या तोंडी होतं. रहस्यकथाकाराच्या तिन्ही जागा त्या मुलानं न शिकता वापरल्या. मला वाटतं, ही मुलं वाक्य लपवतातही आणि ठेवतातही. सरळ सांगायची हिंमत होत नाही, गिळून टाकायचीही ताकद नसते, म्हणून ते मध्ये ठेवून देतात. सापडलं तर सापडलं. पुस्तकात जो मुलगा सगळ्यांची न धरलेली वाक्यं गोळा करत हिंडतो, त्याचं स्वतःचं वाक्य घरात असं बेवारस पडून राहतं.

यावर उलटतपासणी हा उपाय नाही. "टेस्टला का नाही बसलास?" हा प्रश्न हवालदाराच्या आवाजात आला, तर उत्तरही जबाबासारखंच येईल : काहीएक नाही. पुढच्या रविवारी तर ते वाक्य यादीतही येणार नाही. विचारायचं ते काकूला चहा विचारावा तितक्या साधेपणानं. "टेस्टच्या दिवशी काय केलंस मग?" एवढं पुरतं. तो म्हणेल, झोपलो होतो. बऱ्याचदा खरंच झोपलेला असेल, आणि मग ढेकणांचं काय झालं ते विचारायला आपण मोकळे.

आजच्या दिवसापुरतं एवढंच करून बघता येईल. घरातलं कुणी एका दमात चार-पाच गोष्टी सांगेल, तेव्हा पहिलीवर मान डोलवायची, शेवटचीला उत्तर द्यायचं आणि मधलीबद्दल एक प्रश्न विचारायचा. दहापैकी नऊ वेळा त्यात फाटलेलं दूधच निघेल. निघू द्यावं. आपलं मधलं वाक्य या घरात ऐकलं जातं, हे त्या नऊ वेळांत सांगणाऱ्याला कळलेलं असतं. दहाव्या वेळी तो ते यादीत दडवणार नाही, अगदी पहिल्यांदा सांगेल.